पाणसोट

वरूडला बसस्टँडमागे, मोबाईल दुरुस्तीच्या वर
दीड खोलीची आमची लॅब.
सेंट्रिफ्यूज फिरू लागलं की
खालच्या दुकानातली काच थरथरते.
मोठ्या तपासण्या नागपूरला जातात,
रिपोर्ट संध्याकाळी माझ्या फोनवर येतो
आणि माणसाच्या आधी मला कळतो.
हे बरं नसतं.

नत्थूजी यावले, वय एकाहत्तर, शेंदुरजनाघाट.
पन्नास वर्षं डोळे बांधले त्यांनी
संत्र्याचे, जंबेरीच्या खुंटावर.
अल्फा फीटोप्रोटीन: अठराशे चाळीस.
दहाच्या आत असायला हवं.

काळीज म्हणजे यकृत
हे खाटकाला माहीत असतं, कवितेला नसतं.
नत्थूजींना होतं.
"काळजात काय निंघालं?" सरळ विचारलं.
पांढरी कावीळ झाली होती कधीकाळी,
झाडपाल्यानं गेली, असं घरचे म्हणत.
गेली नव्हती. बसून होती.

मी रिपोर्टच्या पाठीवर पेशी काढली,
ती भाकरीसारखी झाली.
म्हटलं, तुम्ही आईच्या पोटात होता तेव्हा
तुमचं काळीज हे प्रथिन घडवायचं, भरभरून.
जन्मलात, आणि वर्षभरात ते जवळजवळ थांबलं.
पण कृती पेशीनं फेकली नाही,
घडी करून आत ठेवली.
आता कुणीतरी ती घडी उकललीय.

"मंग? बुढ्याच्या आंगात लेकराचा रस.
वाईट काय त्याच्यात?"

पेशीत एक राखणदार असतो, पीटेन.
"वाढ" असा निरोप दाराशी आला
की त्यावरचा शिक्का तो पुसून टाकतो,
म्हणजे निरोप तिथंच विझतो.
हे प्रथिन त्याच्या गळ्यात पडतं,
झोपाळलेलं मूल पडतं तसं, दोन्ही हात अडकवून.
मग शिक्का कोण पुसणार?
निरोप आत जातो, एकेटी नावाच्या चौकीवर,
तिथून आणखी आत,
वाढ, वाढ, वाढ.
आणि ज्या पेशीनं आता मरायला हवं
तिच्या हातातली कात्रीही
हेच धरून ठेवतं.

नत्थूजी बराच वेळ भाकरीकडे पाहत राहिले.
"पाणसोट," म्हणाले.

"डोळ्याच्या खालून निंघते, पोरी.
चोर नोहे तो, बाहेरचा नोहे,
खुंटाचाच फुटवा.
वरच्या फांदीहून हिरवागार, काटेवाला.
नवा गडी खुश होते, म्हन्ते, झाड काय जोरात आलं!
तीन साल जाते. संत्रा वाळते,
जंबेरी उभी रायते.
कवळा असला त अंगठ्यानं मोडते.
लाकूड झालं का आरी लागते."
थांबले.
"माह्यं काय? अंगठा, का आरी?"

मी म्हटलं, आधी नागपूरला सीटी करून घ्या.
हे उत्तर नव्हतं.
खाली कुणीतरी रिंगटोन तपासत होतं,
एकच, पुन्हा पुन्हा.

"थे प्रथिन पयल्यांदा कायच्यासाठी होतं?"
वाढायसाठी, मी म्हटलं. आम्हालाही पुरतं माहीत नाही.
"मंग तेच करून रायलं ना बिचारं.
त्याले कोनी सांगतलंच नसंन
का आपन जन्मलो."

जिन्याशी जाऊन परत आले.
चष्मा लावून कागद पुढे धरला.
"हे नाव दुरुस्त करून दे. नत्थूचं नातू केलं तुमी."

मी कॉम्प्युटर सुरू केला.
एका अक्षराची चूक. आकडा तसाच राहिला.
प्रिंटर तापेपर्यंत
ते खिडकीतल्या कुंडीशी वाकून उभे,
आमच्या कढीपत्त्याच्या बुडाशी आलेली फूट
न विचारता
अंगठ्यानं मोडत.