बारा नावं

शेठनी कागद सरकवला. प्रशिक्षण : एक लाख ऐंशी हजार.
'कोणाला शिकवायचं ते तू ठरव, फिरके.
फक्त मिल बंद ठेवू नको.'

रंग पारखणारं मशीन कोईम्बतूरहून आलंय,
एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये
अजून खोक्यातच आहे.
दोघांना पंधरा दिवस तिकडे पाठवावं,
की तिकडचा माणूस तीन दिवस जळगावला बोलवावा?

पाठवायचं तर निखिल. फैजपूरचा डिप्लोमा,
बोटं स्क्रीनवर सराईत.
चाकणच्या जाहिराती तो जेवणाच्या सुट्टीत वाचतो,
मला दिसू नये म्हणून मोबाईल डब्याआड धरतो.

दुसरा रुबाब तडवी, बावीस वर्षं पट्ट्यावर.
पट्टा सैल झाला की त्याला तळव्यात कळतं.
म्हणाला, 'तठे भाकर भेटीन का?'
मी नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग कोईम्बतूरचा फोन :
खराब दाण्याचा नमुना पाठवा,
मशीनला आधी खराब म्हणजे काय ते सांगावं लागतं.

खराब म्हणजे काय, ते मला कुठे माहीत?
सात वर्षं मी फक्त टक्केवारी लिहितोय.

निवडणीच्या टेबलाशी गेलो.
द्वारकाबाई सपकाळेंनी न बघताच
सात दाणे माझ्या तळहातावर ठेवले.
हा पाणी लागलेला. ह्याच्यात भुंगा.
हा तुरीचा नाहीच, खडा आहे.
'अन् हा दिसाले काया, पन शिजाले गोड.
ह्याले टाकू नका.'

अकरा जणी हसल्या.
मी विचारलं, हे मशीनला सांगाल का?
हात चालूच ठेवून त्या म्हणाल्या,
'सांगू ना. अन् याले समदं समजल्यावर, भाऊ,
आमी काय कराचं?'

त्या रात्री तक्ता तीनदा खोडला.
कोईम्बतूरला कोणी नाही.
माणूस इकडे येईल, श्रावणात, आवक कमी असताना.
पहिला दिवस तो शिकवणार नाही,
निवडणीच्या टेबलाशी बसेल.
दुसऱ्या दिवसापासून मशीनवर बारा जणी,
पाळीपाळीनं, ऑपरेटरच्या पगारावर.
निखिल त्यांना बटणं दाखवेल,
जाईपर्यंत.

सकाळी कागद परत सरकवला.
शेठ भरभर वाचत गेले, तारखा, चहा, प्रवासखर्च,
मग पगाराच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

अजून थांबलेलंच आहे.
काचेपलीकडे पट्टा चालू.
रुबाब चपला काढून उभा,
तळव्यांनी ऐकत.