आभाराचा शब्द

बेचाळीसच्या हिवाळ्यात फिनलंडात
नाचायला बंदी होती.
आघाडीवर पोरं मरतायत आणि मागे
फेर कसला धरता, असं सरकारचं म्हणणं.
ते मला पटलं होतं का, कोणी विचारलं नाही.
मी हवालदार होतो, पहिल्या लढाईचा एक तुकडा
गुडघ्यात घेऊन परतलेला.

तळ्यापलीकडे, राय सुकवायच्या कोठारात
उजेड दिसतो, अशी खबर आली.
खबर देणारा नेहमी शेजारीच असतो.
निघालो स्कीवरून, एकाच पायावर भार देत.
चांदणं इतकं, की माझी सावली
माझ्याआधी तपासाला निघालेली.

फटीतून पाहिलं. अकॉर्डियन नव्हता.
दाराशी सतरा जोड बूट, बरेचसे
नवऱ्यांचे, भावांचे, आत वर्तमानपत्र कोंबलेले.
लोकरी मोज्यांचं खस्, खस्,
थांबून पुन्हा खस्,
आणि भिंतीला पाठ टेकून एक मुलगी
ओठ मिटून टँगो गुणगुणत होती.
बाकी सोळाजणी, एकमेकींना धरून.

शिट्टी तोंडात धरली. वाजवली नाही.
थंडीने पितळ ओठाला चिकटलं, असं मी म्हणेन.
वहीत हे नाही: सूर संपेपर्यंत
मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो,
गुन्हा पुरता होऊ दिला.

मग नावं. एल्मा. लाउक्कानेन बहिणी दोघी.
शेवटी साइमी केत्तुनेन, डेअरीत कामाला.
म्हणाली, नीट लिहा हवालदार,
मी पुरुषाची पावलं टाकत होते.
दंड तेवढाच का?
कोणी फिसकन हसलं. मीही हसलो असतो,
पण ओठाची साल शिट्टीबरोबर गेली होती.

दंड तेवढाच होता.

लढाई संपली. बंदी उठली, पण एकदम नाही,
तळ्याचं बर्फ कडेकडेने सुटतं तशी.
गावाने काठावर पाइनच्या फळ्यांचा मांडव ठोकला,
वर छप्पर, भिंती नाहीत.
एका अंगाला बायकांचं बाकडं, समोर पुरुषांचं,
मधलं लाकूड ओलांडताना
तोफा ओढलेल्या माणसांचेही पाय लटपटत.
मला ती धास्ती नव्हती. मी झिंगलेल्यांना
बाहेर काढण्यापुरता तिथे.

जुलैतली रात्र, म्हणजे रात्र नव्हेच.
पाटी उलटली: आता बायकांनी मागायचं.
आणि साइमी नाकासमोर चालत आली,
पायात स्वतःच्या मापाचे बूट.
मान लववली. मी मागे वळून पाहिलं.
मागे फक्त तळं होतं.

गुडघा, मी म्हणालो.
माहीत आहे, ती म्हणाली, पुरुषाची पावलं माझी.
अरुंद फाटकातून दुधाची गाडी काढावी
थेंब न सांडता, तसं तिने
माझं दुखणं वळवून नेलं.
तळं एकदा उजवीकडून गेलं, एकदा डावीकडून.

सूर थांबला.

नाचाच्या कायद्याचं कलम न् कलम मला पाठ होतं,
परवाना, वेळ, दंड, अपील.
जे कुठेच लिहिलेलं नाही ते एवढंच, की
गाणी जोडीने येतात. पहिलं संपलं तरी
हलायचं नाही, दुसऱ्याची वाट पाहायची.
मधेच आभार मानले तर अर्थ होतो:
पुरे झालं तुमचं.

मी टाचा जुळवल्या आणि आभार मानले.

तिने मला बाकड्यापर्यंत आणून सोडलं, गुडघ्याच्या मानाने सावकाश.
दुसरं गाणं लागलं. अर्ध्यातून कोणी कोणाला मागत नाही.
ती तिकडे, मी इकडे, मधे अख्खं गाव गरगरतंय.
म्हाताऱ्या पेल्तोनेनने माझ्या कानाशी लागून सांगितलं
मी काय करून बसलो ते.
मी उठलो. बसलो.

फिरत्या पाठींच्या फटीतून ती दिसे,
मग न दिसे.
एकदा दिसली तेव्हा डावा तळवा वहीसारखा धरून
बोटाने त्यावर काही लिहीत होती.
थांबली. माझ्याकडे पाहिलं,
आणि भुवई उचलली,
नाव?