इतर

सेलूच्या उपजिल्हा रुग्णालयात टॅब आले
तेव्हा हनवते सिस्टरनी त्यांना हळदीकुंकू लावलं,
मग लगेच पुसलं, कॅमेऱ्यात गेलं म्हणून.
आठ टॅब, सात चार्जर.
आठव्यासाठी आजही भांडण होतं.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडले.
नऊ वर्षं मी एकच गोष्ट चारदा लिहीत आले:
केसपेपरवर, रजिस्टरात, रेफरच्या चिठ्ठीवर,
आणि घाईत असले की तळहातावर.
पोटॅशियमचा आकडा आणायला मुंजाजी जायचा,
आधी अंगण, मग लॅबचं कुलूप, मग टपरी,
चिठ्ठी येईस्तोवर आकडा म्हातारा झालेला.
आता तो माझ्या खिशात थरथरतो, लाल होऊन.
मुंजाजी म्हणतो, मॅडम, माझं चालणंच बंद केलं की तुम्ही.

मे महिना. रात्रीचे पावणेदोन.
राउंड झाला, नोंदी झाल्या,
सगळ्या चौकटी हिरव्या.
असं कधी झालं नव्हतं.
हातांना काय काम द्यावं कळेना.
मी स्टूल ओढलं, बेड अकराशी बसले,
नुसतं बसायचं म्हणून.

कौसाबाई पौळ. जन्मतारीख एक जानेवारी,
इथल्या अर्ध्या वॉर्डासारखी.
बीपीची गोळी सकाळी आठ, रात्री आठ.
मनगटावरचा पट्टा स्कॅन, पाकीट स्कॅन, टिंग: दिली.
सहा दिवसांत बारा वेळा दिली.
आणि बीपी काही उतरेना.

झोप नाही का मावशी?
"झोप कशाची माय, जीवाची नुसती उलघाल व्हायलीय."
बोलता बोलता बोटं पदराशी चाळा करत होती.
टोकाला गाठ. मला वाटलं, सुपारी असेल.
गाठीत गोळ्या निघाल्या. सहा.
त्यातल्या दोन ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

रागवायचं की नाही ते ठरायच्या आत ती म्हणाली,
"सुनेला बी हेच हाय.
डोकं ठणकायलंय, पाय सुजून हे एवढाले.
सातवा चालूय तिला. इथवर आणतंय कोण?
म्हनलं, माझ्यातल्या निम्म्या तिला."

कूलरमधलं पाणी संपलेलं, पंखा कोरडाच फिरत होता.
स्टेशनात एक मालगाडी बराच वेळ शिट्टी देत राहिली.

मी टॅब उचलला.
तक्रार: यादी उलगडली.
ताप, खोकला, धाप, वेदना, इतर.
इतर दाबलं, मराठीत लिहिलं,
"गोळ्या सुनेसाठी ठेवते."
सेव्ह केलं, तर तिथं
प्रश्नचिन्हांची एक लांब रांग.
बरोबरच होतं म्हणा त्याचं.
मग पेन काढलं, तळहात पुढे केला:
शिवकन्या. सातवा. वालूरच्या पलीकडं.
शेजाऱ्याचा नंबर,
शेवटचे दोन आकडे घामाने पुसट,
ते कौसाबाईला तोंडपाठ होते.

अडीचला गाडी निघाली.
ड्रायव्हरशेजारी मुंजाजी जाऊन बसला, कुणी न सांगता.

शिवकन्या पावणेपाचला आली,
चपला हातात, पायात मावत नव्हत्या.
एकशे सत्तर, खाली एकशे दहा.
टॅबने आकडे लाल केले,
मी मॅग्नेशियम भरेपर्यंत परभणीला कळवूनही टाकलं.
हे त्याचं, मी माझ्या नावावर घेत नाही.
पण त्याच्याही आधी त्याने विचारलं होतं,
नोंद पुढे सरकू न देता:
रुग्णास कोणी पाठवले?
आशा, उपकेंद्र, खाजगी, स्वतः, इतर.

बेड अकरावर कौसाबाई
पदराचं रिकामं टोक बोटाला गुंडाळत होती,
सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.
हनवते सिस्टर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या,
"दाबा की मॅडम काहीतरी. बाई उभी हाय."