शेवटचा आकडा

पहिली पायरी : तासाला साठ अंश, शंभरापर्यंत.
तिथं दोन तास मुक्काम.
मातीतलं पाणी घाईनं निघालं
तर भांडं फोडूनच निघतं.

दुसरी पायरी भरताना सुपडूआप्पा मागं उभे.
त्यांच्या आव्यात पऱ्हाट्या जळायच्या,
आकडे नव्हते, राखेच्या फटीतून दिसणारा लाल होता :
"पिकल्या बोरावानी झाला का थांबायचं."
बोराचे अंश किती, विचारलं
तर नुसते हसले.

पाचशे त्र्याहत्तर.
इथं वाळूचा कण अंग बदलतो,
चढताना एकदा, उतरताना पुन्हा.
आप्पांना हे ठाऊक होतं, आकड्याविना :
"उतरताना बी जपजो, पोरी."

मग नऊशे ऐंशी. मग उतार.
भट्टीला गार करता येत नाही कुणाला,
कमी तापवता येतं, एवढंच.
शेवटच्या चौकटीत मी घातलं : चाळीस. समाप्त.

तीन दिवस झाले.
वरणगावात मे महिना,
पत्र्याखाली दुपारी सेहेचाळीस,
रात्रीही बेचाळीसच्या खाली उतरत नाही.
यंत्र बिचारं चाळिसाची वाट बघत
हिरवा दिवा मिचकावतंय
आणि आत माठ
केव्हाचे आमच्याइतकेच गार.

"आता काय अडलंय?" आप्पांनी विचारलं.
सांगितलं.
त्यांनी उठून मेन स्विच खाली ओढला,
दार उघडलं,
पहिल्याच माठावर बोटाचं पेर वाजवलं.

बराच वेळ घुमला.

मी वहीत चाळीस खोडून पन्नास केले.
हिवाळ्यात पुन्हा बघू.