गत

इथं लसूणघासाला गत म्हणतात.
पहिल्या दिवशी अरबाब खलफान म्हणाला, गत आण,
आणि मी दारात तसाच उभा.
कोणाची गत? आणायची कुठून?
मोफज्जलनं हसत हसत पेंढी माझ्या डोक्यावर ठेवली.
ओली, हिरवी, मानेत पाणी गळणारी.

सिनावच्या पुढं डांबर संपतं,
तिथून नऊ किलोमीटरवर आमची इज्बा.
एकशे बारा शेळ्या, म्हणजे परवापर्यंत,
सात उंटिणी,
एक गाढव बिनकामाचं,
आणि कोंबड्या किती ते खोकडाला विचारा.

मोरी परवा गेली.
वाऱ्यानं कुठूनतरी आणलेली पिशवी तिनं खाल्ली,
पोट नगाऱ्यासारखं.
तेल पाजलं, चालवलं, चोळलं,
दुपारी मान टाकली.
मेलेलं इथं कुणी खात नाही.
वाळूत खड्डा करायचा म्हणजे
जेवढी काढाल तेवढी परत आत येते,
मी आणि मोफज्जल तासभर वाळूशीच भांडत होतो.
खलफान म्हणाला, हम्दुलिल्लाह.

त्याच रात्री बांडी व्याली. जुळं.
खलफान म्हणाला, हम्दुलिल्लाह.
तोच आवाज, तेवढाच.
पहिलं वर्षभर मला याचा राग यायचा.

बांडीनं एक करडू चाटलं,
दुसऱ्याला शिंगावर घेतलं.
आमच्याकडं अशा वेळी पिल्लाला मीठ चोळतात.
चोळलं.
बांडीनं मीठ सगळं चाटून घेतलं
आणि करडू पुन्हा ढकललं.
मोफज्जल म्हणाला, तिच्या समोर कुत्रा बांध,
भीतीनं माया येते.
कुत्रा कुठला आणू?
मग तोच हातापायावर उभा राहून भुंकला.
बांडी रवंथ करत बघत राहिली,
समहा उंटीण मात्र इतकी बिथरली
की कुंपणाची तार घेऊनच पळाली.
संध्याकाळ तिच्यामागं गेली.

रात्री सगुणाचा फोन.
जेवला का, नंतर लगेच, चीक पाजला का?
म्हटलं, पाय धरून पाजला, दोनदा.
फोन तिच्याजवळ न्या म्हणाली.
नेला.
धार काढताना ती जिभेनं जो आवाज करते,
तो तिनं दोन हजार किलोमीटरवरून केला.
बांडीनं कान टवकारले.
मला वाटलं, पान्हा आला.
बांडीनं फोनवरची माझी बाही खाल्ली.
सगुणा किती वेळ हसत होती,
मग बॅलन्स संपला.

आज गुरुवार, बाजार.
गिऱ्हाईक गोलात बसतं
आणि आपण जनावर धरून प्रदक्षिणा घालायची,
देव मधे नसतोच.
लाल बोकड मी दोन वर्षं वाढवला,
तो फेरीत असा चालला जणू लग्न त्याचंच.
पंचाण्णव रियाल.
दोर दुसऱ्याच्या हातात देताना
माझी बोटं लवकर सुटेनात,
दोराला गाठ होती, एवढंच.
घेणाऱ्यानं मला एक खजूर दिला.
चांगला होता.

परत येताना टँकरवाला वाटेत भेटला,
टायर फुटलाय म्हणून झोपलेला.
घरी हौद कोरडा,
मोफज्जल बादलीच्या तळाचं पाणी
वाटीवाटीनं वाटत होता.
गाढवाला शेवटी, आणि सगळ्यात कमी.

अंधार पडल्यावर मोजायला बसलो.
एकशे बारातून मोरी गेली,
बोकड गेला,
जुळं आलं, म्हणजे पुन्हा एकशे बारा.
मोजले तर एकशे अकरा.
परत मोजले. एकशे अकरा.
बॅटरी घेऊन कुंपणाकडं गेलो, खोकडाला शिव्या देत.

गाढव बसलं होतं भिंतीला टेकून,
नेहमीसारखं काहीच न करता.
त्याच्या पोटाशी ते नको असलेलं करडू,
तोंडात गाढवाचा कान,
जोरजोरात ओढतंय.
दूध कुठलं यायला.
गाढवानं माझ्याकडं बघितलं,
कान सोडवला नाही.

मी बॅटरी विझवली,
बांडीचे पाय बांधायला दोर शोधू लागलो.