पत्ती ओली ठेवायची असते

सोलापुरात, भर एप्रिलमध्ये,
डॉक्टरांनी कागदावर ऊन लिहून दिलं.
रोज अर्धा तास, हातपाय उघडे टाकून.
मी एक्स-रे काढणारा माणूस, मला हसूच आलं.
बाहेर त्रेचाळीस होतं,
स्कूटरच्या सीटवर हात ठेववत नव्हता,
सिव्हिलच्या आवारातली कुत्री
टाकीखालच्या चिखलात आडवी झालेली.

राजमणी बोद्धूल, वय बावन्न, राहणार विडी घरकुल.
मनगट मोडलं ते पडून नाही.
हंडा उचलला, एवढंच.
"कडक भाकरी मोडती बघा, तसा आवाज आला.
मला वाटलं, पोरगं चोरून खायलंय."

कागदावर पाठीचीही फिल्म लिहिलेली.
टेबलावर आडवी व्हायला तिला बराच वेळ लागला,
आधी कूस, मग कोपर, मग उरलेली ती.
मी काचेमागून म्हटलं, श्वास धरा.
तिनं धरला.
सोडा म्हटलं तरी धरूनच होती.
चाळीस वर्षं जर्द्याच्या धुळीत बसलेल्या माणसाला
कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

हाड पांढरं दिसायला हवं.
हिची होती
चुलीतली राख पाण्यानं सारवावी तशी.
बारावा मणका पुढून बसलेला, पाचरीसारखा,
त्याच्यावरचा त्याच वाटेला लागलेला.
मी विचारलं, मावशी, उंची कमी झाल्यासारखी वाटती का?
"नाही की.
साड्याच हल्ली लांब यायला लागल्यात.
आधी दोन बोटं जास्त खोचायची, आता चार."

डॉक्टर घाईत होते.
म्हणाले, हाडांना आतून भोकं पडलीत.
तिनं मान हलवली,
शेजारच्या घरातली बातमी ऐकावी तशी.
मग माझ्याकडं वळून म्हणाली,
आमच्या तेलुगूत हाडाला बोक्का म्हणतेत.
आणि भोकाला?
"भोकालाबी बोक्काच."

माझी बावीस वर्षं गेली या अंधाऱ्या खोलीत,
फिल्म उजेडावर धरायची, बघायचं, बाजूला ठेवायची.
तिच्या कारखान्यातही एक जण असाच बसलेला असतो,
कट्टा उचलतो, दाबून बघतो,
सैल, जाड, तोंड नीट नाही,
आणि काढलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत.
त्या दिवशी ती फिल्म मला लगेच बाजूला ठेवता आली नाही.

औषधाचा कागद तिनं उलटा धरला, सुलटा धरला.
ऊन कुठं लिहिलंय ते मी बोटानं दाखवलं.
"उन्हात विड्या होत नाहीत, भाऊ.
पत्ती ओली ठेवायची असती,
ओल्या फडक्यात, कोपऱ्यात.
ऊन लागलं की तडकती.
पंखाबी लावत न्हाई आम्ही, जर्दा उडतो."
कितव्या वर्षी बसलात?
"अकराव्या. आईच्या सुपाशेजारी."

मी काही बोललो नाही.
मनात हिशेब करून बघितला, तो कुठं पोचला नाही.
गावभर छपरांवरून, पत्र्यांवरून, तलावावरून
एवढं ऊन उतू गेलं,
आणि हिच्या उंबऱ्याशी रोज थांबलं,
पानाला धक्का नको म्हणून.

जूनच्या सुरुवातीला घरकुलाकडं काम होतं.
गल्लीत दारोदारी सुपं, कात्र्यांची कुरकुर.
ती दिसली.
सूप आत, सावलीत.
पाय बाहेर, उन्हात, लुगडं गुडघ्यापर्यंत.
प्लास्टर निघालेलं,
मनगट भाजीच्या देठासारखं पांढुरकं,
बोटं मात्र चालूच,
कात, भर, वळ, टोक दाब, दोरा.
सावली सरकली की तीही वीतभर सरकायची,
कंबर धरून, सुपासकट.

मला बघून ओळखीचं हसली.
"डॉक्टरास्नी विचारा की,
नुसत्या पायाला लागलेलं ऊन
पाठीपर्यंत जातंय का?"

विचारतो म्हणालो.
अजून विचारलेलं नाही.