पांढरा साका

बाटली पाण्याखाली धरून भरायची,
बूच पाण्यातच लावायचं,
एकही बुडबुडा आत राहू द्यायचा नाही.
मग आधी मँगनीज, त्यावर आयोडाइड.
साका तपकिरी बसला तर पाण्यात श्वास आहे.
पांढरा बसला तर नाही.

अकरा वर्षं मी एवढंच बघते आहे,
संगम पुलाच्या अलीकडे,
सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून,
नाकाला ओढणी.

आमच्या तक्त्यावर वेळ छापलेलीच येते: सकाळी अकरा.
अकराला ऊन असतं, शेवाळ कामाला लागलेलं असतं.
साका फिक्या चहाच्या रंगाचा बसतो.
मी लिहिते तीन पूर्णांक दोन.
साहेब म्हणतात, चला, नदी आहे अजून.

हिरामण कापरेला हे सांगितलं तर तो हसला.
थर्माकोलच्या ठोकळ्याला गोणपाट शिवून
केलेली त्याची होडी,
पायानेच वल्हवतो.
"बाई, तुम्ही येता पाहुण्यासारख्या,
तिचं तोंडबिंड धुऊन झाल्यावर.
एकदा पहाटे या की.
चारला."

वैशाखात गेले.
पुलावरून टेम्पो चालले होते, कोथिंबिरीचा वास
क्षणभर खाली उतरला आणि हरला.
पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं:
चुळूक. चुळूक.
गरम भातावर कुणी ओठ काढून फुंकतंय
असं, चहूकडून.
बॅटरी लावली.
शेकडो तोंडं.
चिलापी, सगळ्या चिलापी,
पाण्यावरची साय खात होत्या,
तेवढ्या कागदाएवढ्या थरातच
काय तो जीव उरलेला.

"आणि बाकीचे?"
हिरामण बोटं मोडू लागला.
वाम. शिंगाळा. कोळशी. आंबळी.
मळ्या, तो तर दगडाला चिकटून असायचा,
पोरं हाताने सोडवायची.
करंगळीपाशी थांबला,
नाव आठवेना.
बायकोला माहीत असेल म्हणाला,
तीच विकायची.

जाळं ओढलं तर काळं, चिलखती काहीतरी आलं.
कुणाच्या तरी दिवाणखान्यात
काच चाटायला ठेवलेला मासा,
मोठा झाला म्हणून नदीत सोडलेला.
काट्यांनी जाळ्याची सात घरं फाडली त्याने.
"ह्याला मरण नाही, बाई.
आणि मेला तर कावळासुद्धा तोंड लावत नाही."

मी बाटली भरली.
थेंब सोडले, हलवली, वाट पाहिली.
खाली बसत गेलं ते
दुधाच्या दाताइतकं पांढरं.
अकरा वर्षांत मी पांढरा फक्त
प्रशिक्षणाच्या पुस्तकात पाहिला होता.

तेवढ्यात जलपर्णीच्या कडेला काहीतरी उमललं आणि मिटलं.
मरळ.
वर आली, सरळ हवेचा घोट घेतला, खाली गेली.
पाण्याने हात वर केले तेव्हा
तिने आभाळाशी सोय लावून ठेवलेली.
तिच्या पाठोपाठ पिल्लं, केशरी,
गाजराच्या किसाची मूठ पाण्यात सोडावी तशी,
एकदम वर, एकदम खाली.
हिरामणने जाळं मांडीखाली घेतलं.
"पिल्लावरच्या मरळीवर टाकत नाही आम्ही."
का, ते नाही सांगितलं.
मीही नाही विचारलं.

तक्त्यावरचे अकरा मी खोडले.
चार चाळीस.
प्राणवायू: शून्य.
जलचर: आहेत.
दोन्ही ओळी एकाखाली एक,
साहेब विचारतील यातली चूक कुठली.

काठावर उतरताना हिरामणने बाटलीकडे बोट केलं:
"हे पाणी आता परत टाकणार?"
नाही म्हटलं, यात औषधं पडलीत, विषारी झालंय.
तो थोडा वेळ नदीकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
"विषारी म्हणून परत टाकत नाही.
असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."